जुने इंग्रजी काव्य आणि कुमार वाचक

१

वाङ्मय आधी शिकवावे की त्याचा काळ आधी समजावून द्यावा, हा प्रश्न महाविद्यालयाच्या अध्यापकास फारसा अडवीत नाही. त्याच्यासमोरचा विद्यार्थी तो विषय आपण होऊन निवडून आलेला असतो आणि पुढील रसाच्या आशेने थोडा नीरसपणा सोसण्याची त्याची तयारी असते. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न निर्णायक ठरतो. या वयाचा वाचक पहिल्या दोन-चार तासांतच पुस्तकाविषयी आपले मत बनवितो, आणि ते मत पुढे वर्षभर, कित्येकदा जन्मभर, बदलत नाही. हजार वर्षांपूर्वीचे आणि आज खुद्द इंग्लंडातही सामान्य माणसास न कळणाऱ्या भाषेतले काव्य त्याच्या हाती द्यावयाचे, तर ते कोणत्या वाटेने द्यावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार आपण मराठी माणसांनी का करावा, असे कोणी विचारील. अमेरिकेतील पुष्कळ शाळांत बारावीच्या वर्षी ब्रिटिश वाङ्मय शिकविण्याचा प्रघात आहे आणि त्याचा आरंभ बहुधा ‘बेओवुल्फ’ने होतो. इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमात अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी १९१४ पूर्वीचे वाङ्मयही वाचावे असे सांगितले आहे, आणि सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत कलाकृती व तिचा काळ यांचा संबंध ओळखणे ही गुणदानाची एक कसोटी आहे. आपल्याकडे या परंपरेशी मुलांची गाठ बहुधा शेक्सपिअरपासून पडते. तथापि परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्या कुटुंबांची स्थिती थोडी निराळी आहे. वडिलांच्या किंवा आईच्या बदलीबरोबर शाळा बदलते, शाळेबरोबर दुसरी भाषा बदलते, आणि कायम राहते ती इंग्रजी. मराठी घरात बोलली जाते, पण क्रमाने शिकविली जात नाही. अशा मुलांना ‘जुने वाङ्मय’ म्हणजे काय याचा पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, धडा इंग्रजीच्या तासालाच मिळतो. तो धडा चुकीचा मिळाला तर पुढे ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘लीळाचरित्र’ यांच्याकडेही ती मुले त्याच चुकीच्या दृष्टीने पाहतील. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, इतिहास हा काव्याच्या दारावरचा पहारेकरी असू नये. काव्य वाचताना मुलाला जेथे अडेल, तेथे इतिहास यावा; आणि तोही न्यायाधीश म्हणून नव्हे, तर दुसरा साक्षीदार म्हणून यावा.

२

रूढ पद्धत याच्या नेमकी उलट आहे. अमेरिकेतील संग्रहवजा पाठ्यपुस्तके पाहिली तर पहिल्या भागाच्या माथ्यावर इ. स. ४४९ ते १०६६ असे आकडे छापलेले दिसतात. मग नकाशा येतो, कालपट येतो. रोमन गेले, अँग्लो-सॅक्सन आले, ७९३ साली उत्तरेकडील समुद्री लुटारूंनी लिंडिस्फार्नचा मठ लुटला, आल्फ्रेड राजा झाला, नॉर्मन आले. त्यानंतर त्या समाजाच्या श्रद्धा काय होत्या याची यादी येते: दैवावर विश्वास, धन्यावर निष्ठा, कीर्तीची आस. एवढे सगळे ओलांडल्यावर काव्याचे पहिले पान लागते.

या मांडणीत दोन दोष आहेत. पहिला सर्वांना दिसतो: मुलाची जिज्ञासा जागी होण्यापूर्वीच तिची तृप्ती केली जाते, आणि भूक नसताना वाढलेले अन्न पचत नाही. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आणि अधिक घातक आहे. ही जी श्रद्धांची यादी मुलांना पार्श्वभूमी म्हणून दिली जाते, तिचा बराचसा भाग विद्वानांनी त्याच काव्यातून काढलेला आहे. म्हणजे काव्यातून यादी काढावयाची आणि मग त्या यादीने काव्य समजावून द्यावयाचे. असे वर्तुळ एखाद्या कचेरीच्या टिपणीत आढळले तर आपण ती टिपणी परत पाठवू. शाळेत मात्र ते वर्षानुवर्षे ज्ञान म्हणून चालते. शिवाय ‘बेओवुल्फ’चा काळ इतका निश्चितही नाही. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, ती इ. स. १००० च्या सुमाराची. काव्य मात्र त्याआधी केव्हा रचले गेले याविषयी आठव्या शतकापासून अकराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मते पसरलेली आहेत. ज्या काव्याचे शतक ठरलेले नाही, त्याची पार्श्वभूमी दोन पानांत ठामपणे सांगणे हे धाडसच म्हणावे लागेल.

या प्रश्नाला एक जुना इतिहास आहे. १९३६ साली जे. आर. आर. टोल्किन यांनी ब्रिटिश अकादमीपुढे ‘बेओवुल्फ’वर एक व्याख्यान दिले. त्यांची तक्रार अशी की, विद्वानांनी या काव्याचा उपयोग खाणीसारखा केला. त्यातून राजांची नावे, जुन्या चालीरीती आणि शब्दांची रूपे खणून काढली, पण काव्य म्हणून ते वाचले नाही. राक्षसांना त्यांनी गौण ठरविले, वस्तुतः काव्याचा गाभा तेथेच होता. या व्याख्यानाने ‘बेओवुल्फ’ची समीक्षा कायमची बदलली. परंतु त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३९ साली, सफक परगण्यातील सटन हू येथे एका टेकाडाखाली सत्तावीस मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा आणि त्यात पुरलेले सोने, शिरस्त्राण, ढाल, तलवार असा ठेवा सापडला. सातव्या शतकाच्या आरंभीचा तो दफनविधी होता. ‘बेओवुल्फ’च्या आरंभी शील्ड राजाचा देह शस्त्रांनी आणि अलंकारांनी भरलेल्या जहाजात ठेवून ते समुद्रात सोडून दिल्याचे वर्णन आहे. कवीची अतिशयोक्ती वाटावे असे ते वैभव जमिनीतून साक्षात वर आले. म्हणजे टोल्किन यांचे म्हणणे खरे, आणि तरी इतिहासाला दाराबाहेर ठेवता येत नाही हेही खरे.

यातला क्रम शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सटन हूच्या जहाजाचे चित्र आधी दाखविले, तर काव्यातले जहाज त्या चित्राची प्रत होऊन बसते. काव्य आधी वाचले, समुद्रावर दूर जाणारे ते जहाज मुलांनी आपल्या मनात पाहिले, आणि मग हे चित्र दाखविले, तर मूल आपण होऊन विचारते: कवीने जहाज समुद्रात सोडले, येथे तर ते जमिनीत पुरले आहे, हे कसे? त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला पूर्ण देता आले नाही तरी बिघडत नाही. प्रश्न विचारला गेला, यात निम्मे शिक्षण झाले.

३

इतिहास अडलेल्या जागी यावा म्हणजे काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट करतो. ग्रेंडेल हा राक्षस ह्रोथगार राजाच्या सभागृहावर बारा वर्षे धाड घालतो, माणसे मारतो, खातो. त्याचे क्रौर्य सांगताना कवी मध्येच एक विचित्र तक्रार करतो: हा राक्षस भरपाई देऊन तडजोड करावयास तयार नव्हता. हे वाचून वर्गात हसू फुटावे, आणि ते फुटू द्यावे. राक्षस पैसे का देईल? आणि दिले तरी मेलेल्यांचे काय?

येथे शिक्षकाने केंटचा राजा एथेलबर्ट याची इ. स. ६०० च्या सुमाराची विधिसंहिता पुढे ठेवावी. इंग्रजी भाषेतले उपलब्ध असे हे सर्वांत जुने कायदे. त्यांत सामान्य स्वतंत्र माणसाच्या जिवाची किंमत १०० शिलिंग ठरविलेली आहे. अंगठा तोडल्यास २० शिलिंग, समोरच्या चार दातांपैकी प्रत्येक दातास ६ शिलिंग, असा शरीराच्या अवयवांचा दरपत्रकच आहे. मुलांना हे वाचावयास अतिशय आवडते, आणि आवडता आवडता त्यांच्या लक्षात येते की हा रानटीपणा नसून रानटीपणावर घातलेला लगाम आहे. किंमत ठरली नाही तर खुनाचा बदला खुनाने, आणि त्याचा पुन्हा खुनाने, असे पिढ्यान्पिढ्या चालावयाचे. ग्रेंडेल या व्यवस्थेच्या बाहेरचा आहे, म्हणून तो राक्षस. त्याचे दात किंवा नखे कवी फारशी वर्णीत नाही. तो कायदा मानीत नाही, हे मात्र आवर्जून सांगतो.

एवढे कळल्यावर काव्याच्या इतर जागा आपोआप उजळतात. बेओवुल्फच्या बापाने एकदा एका माणसास ठार केले होते आणि ते वैर ह्रोथगारने धन देऊन मिटविले होते. म्हणजे मुलगा परदेशी येऊन राक्षसाशी लढतो त्यामागे एक जुने ऋणही आहे. विजयाच्या मेजवानीत राजकवी हिल्डेबुर्ह राणीची कथा गातो. तिचे माहेर आणि सासर यांच्यात लढाई होते. एका बाजूला भाऊ पडतो, दुसऱ्या बाजूला मुलगा पडतो, आणि दोघांची चिता एकच. पुढे नवराही मारला जातो. ही कथा मध्येच का आली, असे मूल विचारते. त्याच रात्री ग्रेंडेलची आई मुलाच्या सुडासाठी त्या सभागृहात शिरते. माणसाच्या घरातली पुत्रहीन माता आणि राक्षसाच्या गुहेतली पुत्रहीन माता कवीने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. हे मुलांना शिक्षकाने सांगावे लागत नाही. दोन पाने जवळ ठेवली की पुरे.

४

इतिहास दुसरा साक्षीदार म्हणून यावा, याचे उदाहरण ‘मॉल्डनची लढाई’ या काव्यात सापडते. त्याचा आरंभ आणि शेवट हरवला आहे. ३२५ ओळी उरल्या आहेत. त्याही थोडक्यात वाचल्या. ज्या हस्तलिखितात ते होते ते १७३१ साली लंडनच्या अॅशबर्नहॅम हाऊसला लागलेल्या आगीत जळाले. आधी करून ठेवलेल्या नकलेमुळे काव्य टिकले. ‘बेओवुल्फ’ची प्रतही त्याच आगीत कडांनी करपली. जुन्या वाङ्मयाचे आयुष्य असे एखाद्या खिडकीतून वेळेवर बाहेर फेकलेल्या पोथीवर अवलंबून असते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

काव्याचा विषय ९९१ साली एसेक्समध्ये झालेली लढाई. परकी लुटारूंचा दूत खंडणी मागतो. बिर्तनोथ हा वृद्ध सरदार ती तिरस्काराने नाकारतो. नंतर मात्र तो शत्रूला अरुंद वाटेने अलीकडच्या तीरावर मोकळेपणी येऊ देतो, आणि स्वतः मारला जातो. काही जण पळतात. जे उरतात ते धन्याच्या प्रेताभोवती, जिंकण्याची आशा नसताना, लढत पडतात. शत्रूला येऊ देणे हे औदार्य की गर्व? कवीने तेथे योजलेल्या शब्दावर विद्वानांचा वाद अजून संपलेला नाही. पंधरा वर्षांच्या मुलांना वाद घालण्यासाठी याहून चांगला विषय मिळणे कठीण.

मग दुसरा साक्षीदार बोलवावा. ‘अँग्लो-सॅक्सन बखर’ सांगते की, त्याच ९९१ साली, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या सल्ल्याने, लुटारूंना १०,००० पौंड खंडणी देण्यात आली. काव्यात जी खंडणी नाकारण्यासाठी माणसे मरतात, तीच राज्याने त्याच वर्षी भरली. आता काव्य पुन्हा वाचावे. निष्ठेचे जे स्तोत्र वाटत होते, त्यात आता एक आरोप ऐकू येऊ लागतो. निदान तसा संशय येतो. पण बखरीचे वाक्य अंतिम निकाल म्हणून स्वीकारावे काय? खंडणी भरून काही गावे वाचली असतील, त्यांच्या बाजूने कोणी काव्य लिहिले नाही. सरकारी निर्णय घेणाऱ्याची बाजू आणि लढणाऱ्याची बाजू यांतली ही ओढाताण आपल्या वाचकांना मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही. मुलांना ती समजली, तर त्यांना इतिहास आणि वाङ्मय दोन्ही एकदम समजले.

५

भाषेचा प्रश्न येथे टाळता येत नाही. ‘ज्ञानेश्वरी’ची भाषा सातशे वर्षांहून जुनी असली तरी ती आपल्या मुलांच्या कानांना पूर्ण परकी नाही. पारायणांतून, कीर्तनांतून, अभंगांच्या सोबतीने ती कानावर पडत आली आहे. अर्थ कळला नाही तरी ओवीची चाल ओळखीची असते. इंग्रज मुलाला ‘बेओवुल्फ’च्या बाबतीत ही सवलत नाही. मधली परंपराच तुटली. ते काव्य कित्येक शतके कोणी गायिले नाही, वाचले नाही. १८१५ साली ते प्रथम संपूर्ण छापले गेले, आणि तेही कोपनहेगनमध्ये. म्हणून इंग्रज मूलही ते भाषांतरातच वाचते: बर्टन रॅफेलच्या किंवा शेमस हीनीच्या. या बाबतीत पाटण्याच्या किंवा गुवाहाटीच्या शाळेत बसलेले मराठी मूल आणि लंडनचे मूल एकाच बाकावर आहेत, आणि ही गोष्ट आपल्या मुलांच्या मनातला न्यूनगंड घालविण्यास उपयोगी पडावी.

परंपरा तुटण्याचे मोठे कारण १०६६ सालचा नॉर्मन विजय. त्याची तारीख पाठ करून घेण्यापेक्षा शब्दांची यादी करून घ्यावी. गोठ्यातला प्राणी इंग्रजी नावाने ‘काऊ’ आणि ‘शीप’. तोच ताटात आला की फ्रेंच नावाने ‘बीफ’ आणि ‘मटन’. कोण राबत होते आणि कोण जेवत होते, ते शब्दच सांगतात. ‘कोर्ट’, ‘जज्ज’, ‘ज्यूरी’, ‘टॅक्स’, ‘पार्लमेंट’ हे सगळे शब्द जेत्यांबरोबर फ्रेंचमधून आले. मराठी घरात हा धडा अधिकच सोपा व्हावा. ‘अर्ज’, ‘हुकूम’, ‘तहसील’, ‘जिल्हा’, ‘शिक्का’ हे शब्द आपल्या भाषेत कोठून आले, आणि शिवछत्रपतींना राज्यव्यवहारकोश करवून घेण्याची गरज का भासली, हे मुलाला विचारावे. राज्य जाते, कचेरीतले त्याचे शब्द मागे राहतात.

‘ब्रिटिश’ हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. ब्रिटनचे मूळ रहिवासी जे ब्रिटन लोक, त्यांचे वंशज आजचे वेल्श. मागाहून आलेल्या इंग्रजांनी त्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ ‘परका’ असा होता, आणि ‘वेल्स’ हे नाव त्यातूनच आले. आपल्याच देशात परके ठरलेल्या या लोकांचे ‘ई गोडोडिन’ हे इंग्रजांविरुद्ध पडलेल्या वीरांचे जुने शोककाव्य ‘ब्रिटिश वाङ्मया’च्या शालेय संग्रहांत क्वचितच आढळते. शिक्षकाने एखादा तास त्यास दिला तर संग्रहाचे नाव आणि त्यातील मजकूर यांतला फरक मुलांच्या ध्यानात येईल.

६

चॉसरकडे आलो की वातावरण पालटते. आपल्या वाचकांना तर हा कवी जवळचा वाटावा, कारण तो सरकारी नोकर होता. तरुणपणी फ्रान्समधल्या मोहिमेत तो कैद झाला आणि १३६० साली राजाने त्याच्या सुटकेसाठी १६ पौंड दिले. १३७४ पासून लंडनच्या बंदरात लोकरीवरील जकातीचा तो तपासनीस होता, आणि हिशेब स्वतःच्या हाताने लिहिण्याची अट त्याच्यावर होती. पुढे राजाच्या इमारतींची देखरेख त्याच्याकडे आली. त्याच्या आयुष्यासंबंधी सुमारे पाचशे दप्तरी नोंदी उपलब्ध आहेत. पगार, नेमणुका, प्रवास, येणे, देणे हे सर्व त्यांत आहे. हा माणूस कवी होता, एवढे मात्र एकाही नोंदीत नाही. सेवापुस्तकात माणूस किती उरतो, याचा याहून बोलका पुरावा नसेल.

‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात त्याने तीसएक यात्रेकरूंची ओळख करून दिली आहे. शाळेत हा भाग नमुन्यांची जंत्री म्हणून शिकविला जातो: हा लोभी साधू, ही शौकीन मठाध्यक्षा, हा सज्जन नांगऱ्या. सज्जन नांगऱ्याजवळ थोडे थांबावे. तो देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करतो, धर्मकर पूर्ण भरतो, आणि गरिबासाठी मजुरी न घेता राबतो. मुले म्हणतात, चांगला माणूस आहे. मग त्यांना सांगावे की १३४८-४९ च्या महामारीत लोकसंख्येचा फार मोठा भाग मेला, मजूर मिळेनासे झाले, मजुरी वाढू लागली, आणि १३४९ व १३५१ च्या कायद्यांनी ती महामारीपूर्वीच्या दराला बांधून टाकली. १३८१ च्या जून महिन्यात शेतकरी आणि कारागीर लंडनवर चालून आले. त्यांतला एसेक्सचा जमाव ज्या ऑल्डगेट वेशीतून शहरात शिरला, त्या वेशीवरच्या घरात चॉसर त्या काळी राहत होता. या बंडाचा त्याने आपल्या कथांत उघड उल्लेख केला तो एकदाच, कोंबडा-कोल्ह्याच्या गोष्टीत, आणि तोही थट्टेच्या उपमेत.

एवढे ऐकल्यावर नांगऱ्या पूर्वीसारखा दिसत नाही. मजुरीसाठी माणसे बंड करून गेली, त्यानंतर थोड्याच वर्षांत जकातखात्यातील एक अधिकारी मजुरी न मागणाऱ्या नांगऱ्याचे चित्र काढतो. हे आदर्शाचे चित्र की अधिकाऱ्याच्या मनातली इच्छा? आणि प्रवासात या नांगऱ्याला एकही गोष्ट सांगावयास मिळालेली नाही. ग्रंथ अपुरा आहे, म्हणून या शेवटच्या मुद्द्यावर फार भार देऊ नये; पण मुलांनी तो काढला तर शिक्षकाने अडवू नये. त्याच प्रास्ताविकातला वैद्य महामारीत कमावलेले सोने जपून ठेवतो. २०२० साल ज्या मुलांनी घरात कोंडून काढले, त्यांना या वैद्यावर टीप लागत नाही.

७

आता अवघड जागी येतो. मठाध्यक्षा इतकी हळवी आहे की सापळ्यात उंदीर दिसला तरी तिला रडू येते. तीच पुढे जी कथा सांगते तीत आशियातील एका नगरातले ज्यू एका भाविक ख्रिस्ती बालकाचा गळा चिरतात, आणि त्यांना हालहाल करून मारले जाते. कथेच्या शेवटी ती लिंकनच्या ह्यू नावाच्या बालकाचे स्मरण करते. १२५५ सालच्या त्या मृत्यूवरून इंग्लंडात ज्यूंवर खोटा आळ घेऊन अनेकांना फाशी देण्यात आले होते. १२९० साली पहिल्या एडवर्डने सर्व ज्यूंना इंग्लंडबाहेर घालविले. चॉसरने ही कथा लिहिली तेव्हा त्या गोष्टीस शंभर वर्षे होत आली होती. त्याच्या वाचकांपैकी बहुतेकांनी आपल्या देशात ज्यू वस्ती पाहिलेलीच नव्हती. ज्याला कधी पाहिले नाही त्याचा द्वेष इतका ताजा कसा राहतो, हा या कथेचा खरा प्रश्न आहे. शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आपल्या मुलांना पुष्कळदा नेमले गेले आहे. तेही ज्या इंग्लंडात लिहिले गेले तेथे ज्यूंना उघडपणे राहण्याची मोकळीक नव्हती. शायलॉकचा धडा या माहितीवाचून शिकविणे म्हणजे अर्धाच शिकविणे.

१२९० हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ असते. शके १२१२, नेवासे, ‘ज्ञानेश्वरी’. एका देशात एक समाज हाकलला जात होता, त्याच वर्षी दुसऱ्या देशात समाजाने वाळीत टाकलेल्या घरातला एक तरुण सर्वांच्या भाषेत गीता सांगत होता. याचा उपयोग अभिमान मिरविण्यासाठी करू नये. कारण वाळीत टाकणारेही आपलेच होते. पण मुलाच्या मनात दोन इतिहास एका सालावर शेजारी उभे राहिले, तर परका इतिहास परका राहत नाही.

अशी कथा पंधरा वर्षांच्या मुलांना द्यावी काय? न देण्याचे कारण समजण्यासारखे आहे: द्वेषाची कथा सुंदर असली तर द्वेष सुंदर वाटण्याचा धोका असतो, आणि ही कथा सुंदर आहे. चॉसर मठाध्यक्षेचा उपहास करीत आहे की तिच्याबरोबर आहे, याविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. ‘तो उपहासच आहे’ असे सांगून मोकळे होणे ही शिक्षकाची पळवाट ठरेल. माझ्या मते अठराव्या वर्षाच्या आत ती द्यावी, पण एकटी देऊ नये. प्रास्ताविकातला उंदीर, १२५५ चा आळ आणि १२९० चा हुकूम ही तिन्ही पाने सोबत असावीत. मुलांपासून ही कथा लपविली तर इतक्या चांगल्या कवीच्या काळात सगळेच चांगले होते असा त्यांचा समज होईल, आणि तो समज अधिक धोक्याचा.

काही जागी आपल्या मुलांना इंग्रज मुलांहून अधिक कळेल. बाथची बायको अभिमानाने सांगते की बाराव्या वर्षापासून तिने पाच नवरे केले. लंडनच्या मुलीला हे चमत्कारिक वाटते. तिला चर्चच्या कायद्यात मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा बारा वर्षे होती, ही टीप द्यावी लागते. मराठी घरात ही टीप पणजीच्या किंवा तिच्या आईच्या आठवणीत सापडते. रखमाबाईंचा १८८४ पासून चाललेला खटला, आणि १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर आणणारा कायदा व त्यावर उसळलेला वाद हा आपला इतिहास आहे. तो ठाऊक असलेली मुलगी त्या बायकोच्या बढाईखाली काय दडले आहे ते ओळखील. बाराव्या वर्षी तिला कोणी विचारले होते काय?

८

या पद्धतीवर आक्षेप येतील. वेळ कोठे आहे? परीक्षेत तर काळाची माहिती विचारतात. वेळेचा आक्षेप मला फारसा पटत नाही. आरंभीची पार्श्वभूमीची चार व्याख्याने वाचली की तोच वेळ अडलेल्या जागांसाठी मोकळा होतो. परीक्षेचा आक्षेप अधिक खरा आहे. कलाकृती आणि काळ यांच्या संबंधाला गुण ठेवले की पाठ केलेले एक ऐतिहासिक वाक्य प्रत्येक उत्तराला चिकटविण्याची सवय लागते. पण ज्या मुलाने अंगठ्याची किंमत आणि ग्रेंडेलचा नकार ही दोन्ही एकत्र पाहिली आहेत, ते तो संबंध आपल्या शब्दांत लिहील, आणि परीक्षक कितीही थकलेला असला तरी त्याला तो फरक कळेल.

इंग्रजी वाङ्मय हा विषय आपल्या देशात राज्यकर्त्यांनी आणला. मेकॉले यांचे टिपण १८३५ चे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र पदवी-शाखा १८९० नंतर निघाली. म्हणजे इंग्रजांनी आपल्या मुलांना ऑक्सफर्डमध्ये जे रीतसर शिकविले नव्हते, ते आपल्या मुलांना आधी शिकविले, आणि श्रेष्ठ संस्कृतीचा नमुना म्हणून शिकविले. त्या शिकवणीत शेक्सपिअर आणि मिल्टन होते. जिंकले गेलेले, खंडणी भरणारे, आपली भाषा कचेरीतून गमावलेले इंग्रज त्यांत नव्हते. प्राचीन इंग्रजी वाङ्मय वाचल्याने आपल्या मुलांना हे दुसरे इंग्रज भेटतात. राज्यकर्त्यांची भाषाही एकदा रयतेची भाषा होती, हे कळणे हा या अभ्यासाचा आपल्यापुरता मोठा लाभ आहे.

आणि ही दृष्टी एकदा आली की ती घरी आणता येते. आपल्याकडेही ‘यादवकाल: राजकीय, सामाजिक, धार्मिक परिस्थिती’ असे प्रकरण आधी आणि ‘लीळाचरित्रा’तली लीळा नंतर, असाच क्रम चालत आला आहे. तो उलटून पाहावा. सुट्टीच्या दिवशी एखादी लहानशी लीळा मुलांसमोर मोठ्याने वाचावी, अर्थ लगेच सांगू नये, आणि मुलाला पहिल्यांदा अडेल त्या शब्दापाशी थांबावे. यादवांचे राज्य तेथूनच सांगावयास सुरुवात करावी.